कंपनीने न दिलेली दांडी

गेल्या महिन्यात पुण्याहून दोन तरुण गाडी बघायला आले होते. जुन्या गाड्यांचे शौकीन. शेडमध्ये शिरल्याबरोबर जमिनीवर आडवे होऊन, मोबाइलचा उजेड पाडत त्यांनी गाडी खालून-वरून तपासली. चाकांच्या तारा, बॉनेटचे चामडी पट्टे, डॅशबोर्डवरचं गोल घड्याळ, एकेक वस्तू बघून "ओरिजिनल, ओरिजिनल" असं एकमेकांना सांगत होते. मग त्यातल्या एकाचं बोट स्टिअरिंगच्या उजव्या बाजूच्या लोखंडी दांडीवर येऊन थांबलं. "हे काय आहे, आजी? हे कंपनीचं दिसत नाही. एवढं काढलं ना, की गाडी शंभर टक्के ओरिजिनल." मी म्हटलं, "चहा घ्या आणि निघा. पुढे रस्त्याला गर्दी लागेल." बिचारे चहा न घेताच गेले. या वयात मी समजावून सांगत बसत नाही. ज्याला त्या दांडीचं समजून घ्यायचं असेल त्याने हे प्रकरण वाचावं.

आम्ही अकोल्याला जठारपेठेत राहत होतो. बाबा वकील. पुढच्या खोलीत अशिलं, मधल्या खोलीत मी आणि माझी पुस्तकं, मागे आईचं स्वयंपाकघर. डासांपायी घरातल्या प्रत्येक दाराला जाळीचं आणखी एक दार होतं आणि त्या प्रत्येकाला स्प्रिंग, त्यामुळे माणूस आत आला की दार त्याच्या पाठीमागे धाडकन लागायचं. दिवसभर ही धाडधाड चाललेली. कोण कुठून गेलं ते न बघता कळायचं. अशिलं दार हाताने धरून हळूच लावायची, आई कोपराने ढकलून सोडून द्यायची. या सगळ्यात एक आवाज माझा होता, खट्. चालायला शिकते न शिकते तोच माझ्या उजव्या पायाला पोलिओ झाला. मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी पट्ट्यांचा क्यालिपर. उभं राहताना गुडघ्याजवळची कडी सरकवली की खट्, बसताना सोडली की पुन्हा खट्.

घरात माझी कुणी कीव केली नाही, हे आधीच सांगते. लाडच झाले. पण त्या लाडांची एक ठरलेली रीत होती. मला बसवायचे. लग्नाला गेलो की मांडवात पंख्यासमोरची खुर्ची पकडून मला बसवायचे. देवळात गेलो की पायऱ्यांखाली, चपलांजवळ बसवायचे आणि प्रसाद हातात आणून द्यायचे. कॉलेजला जायला रिक्षात बसवायचे आणि रिक्षावाल्याला पुन्हा पुन्हा सांगायचे, हळू जा बरं का. मैत्रिणी अंगणात बॅडमिंटन खेळत तेव्हा गुण मोजायला मला बसवत. बसून बसून माझं डोकं फिरायचं. पण प्रेमाने खुर्ची पुढे करणाऱ्या माणसाशी भांडणार कसं? चार लोक ऐकणारे आपल्यालाच वेड्यात काढतात. मी तरी भांडायचे. माझा स्वभाव तिखट आहे असं नातेवाइकांत तेव्हापासून बोललं जातं, ते खरं आहे.

बाबांचे धाकटे भाऊ, आमचे काकाजी, अंजनगाव सुर्जीला शेती बघायचे. संत्र्याची बाग आणि थोडं कपाशीचं रान. त्यांनी लग्न केलं नव्हतं, त्यामुळे सुट्टीत मी तिकडे गेले की मला उठवायला-बसवायला कुणी नसे आणि मी खूश असे. काकाजी स्वतः रांधायचे. गोवऱ्यांच्या आरात रोडगे पुरून ठेवायचे आणि वांग्याच्या भाजीवर बोटभर तर्री. रोडगा राखेतून काढून, फडक्यात झटकून, हाताने फोडायचा आणि त्यात तूप सोडायचं. थोडी राख दाताखाली यायचीच. काकाजींना यंत्रांचं वेड होतं, पण वेड म्हणजे ज्ञान नव्हे. त्यांनी उघडलेलं प्रत्येक यंत्र परत जोडल्यावर एखादा तुकडा हातात उरायचा, आणि तो खिशात टाकत काकाजी म्हणायचे, "कंपनीवाले फालतूचे पार्ट टाकतेत बाप्पा."

गावाबाहेर कापसातली सरकी काढायची एक बंद पडलेली जिनिंग होती. तिच्या शेडमध्ये सरकीच्या पोत्यांमागे ही गाडी कित्येक वर्षं उभी होती. जिनिंगच्या मालकाच्या मुलाने हौसेने विलायतेहून आणलेली, दोनच माणसांची, उघडी, पळवण्यासाठीच बनवलेली मोटार. मुलगा गाव सोडून गेला, मालक वारले, गाडी राहिली. वारसांना शेड रिकामी हवी होती. त्यांच्या शेतात शेणखत टाकून देण्याच्या बोलीवर काकाजींनी ती घेतली आणि बैलजोडीने ओढत घरी आणली. लांब नाक, बुटके दरवाजे, तारांची चाकं आणि अंगभर कापसाचे तंतू चिकटलेले. मी ओट्यावर उभी होते. काकाजींनी मला गाडीपर्यंत नेलं, शेजारच्या सीटची गादी फाटून आतली तार बाहेर आली होती म्हणून स्टिअरिंगसमोरच्या सीटवर बसवलं आणि म्हणाले, "बस इथंसा. बैलाले पानी दाखवून येतो."

बैलांचं पाणी झालं, वैरण झाली, काकाजींचा चहा झाला, तरी मी उतरले नाही. आयुष्यभर बसवलेल्या पोरीला त्या दिवशी पहिल्यांदा अशी जागा मिळाली होती जिथे बसलेलं माणूस बाकीच्यांना घेऊन जातं. मला ही गाडी चालवायची होती. इतकी सरळ गोष्ट होती. आणि पुढचं वर्ष ही सरळ गोष्ट शहाण्या लोकांच्या गळी उतरवण्यात गेलं.

गाडीची बातमी बाबांकडून नानासाहेबांना कळली. नानासाहेब अमरावतीचे मोठे वकील, बाबांना ज्येष्ठ. कॅम्पातल्या त्यांच्या बंगल्यामागे जुन्या मोटारींची रांग होती, प्रत्येकीवर पांढरी चादर. ते अंजनगावला आले, डोक्यावरची हॅट काढली आणि त्या तंतूंनी माखलेल्या गाडीला त्यांनी चक्क नमस्कार केला. मला तो माणूस तिथल्या तिथे आवडला. त्यांचा नियम एकच, कंपनीने जे दिलं तेच. कमी नाही आणि जास्तही नाही. डॅशबोर्डच्या खाली हात घालून नखाने रंगाचे थर खरवडत ते मूळ हिरव्यापर्यंत पोचले आणि म्हणाले, "हा. हाच रंग." काकाजींच्या मनात नारंगी होता.

काकाजींच्या मनात आणखीही पुष्कळ काही होतं. तेव्हा आमच्याकडे जुन्या गाडीला नवा जन्म द्यायचा म्हणजे तिच्यात डिझेलचं इंजिन टाकायचं, अशी पद्धतच होती. जीप असो, लग्नाची मोटार असो, पेट्रोलचं इंजिन उतरवून डिझेलचं चढवलं की मालक मिशीवर ताव द्यायला मोकळा. तिवश्यापासून अकोल्यापर्यंत अशा धडधडणाऱ्या गाड्या दिसायच्या.

"इंजन काढून फेकू," काकाजी म्हणाले. "डिझेलचं बसवू. कोन्याई गावात पार्ट भेटते."

नानासाहेबांनी छातीला हात लावला. "अहो, इंजिन काढलं तर उरलं काय? हा आवाज दुसऱ्या कुठल्या गाडीला नाही."

"आवाजाचं काय घेऊन बसले साहेब? आवाज तं माह्या पंपालेई हाय."

मी मध्ये पडले. "काकाजी, तुमी डिझेल टाकसान तं मी इथं येनंच बंद करीन. ट्रॅक्टर पाहिजे तं ट्रॅक्टर हाय ना दारात!"

म्हणजे तेव्हा मी नानासाहेबांच्या बाजूची होते, हे लक्षात ठेवा. मूळचं ते सगळं टाकून द्यावं असं मला तेव्हाही वाटत नव्हतं आणि आजही वाटत नाही. त्या उन्हाळ्यात स्टुलावर बसून, रॉकेलच्या डब्यात ब्रश बुडवून, चारही चाकांची प्रत्येक तार मी घासली. माझी नखं काळी झाली ती कॉलेज सुरू झाल्यावरही काळीच होती. नानासाहेब महिन्यातून एकदा यायचे, कुठून कुठून मूळ सुटे भाग शोधून आणायचे, आणि काकाजी तोंड वाकडं करत ते बसवायचे. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा मागच्या नळीतून आधी कापूस उडाला, मग धूर, आणि मग तो घोगरा, संथ आवाज. नानासाहेबांनी रुमालाने डोळे टिपले. काकाजींनी ऐकलं, मान हलवली आणि "बरं हाय म्हना," इतकं कबूल केलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी नानासाहेब अकोल्याला आमच्याकडे जेवायला आले. काकाजीही आले होते. आईने पाटोडीचा रस्सा केला होता, आणि आईची पाटोडी रश्श्यात फुटत नसे, ही आमच्या घरची प्रतिष्ठा होती. नानासाहेबांनी बातमी सांगितली. थंडीत अमरावतीला जुन्या मोटारींचा मेळावा भरणार, नागपूरकडची मंडळीही येणार, आणि इतकी मूळ रूपातली गाडी दुसरी नसल्यामुळे पहिला मान हिचाच. "माझा ड्रायव्हर चालवेल," ते माझ्याकडे बघून हसले. "आणि शेजारी आमची शोभा. झोकात बसायचं, फेटा बांधून."

मी म्हटलं, "गाडी मी चालवणार."

वाढणाऱ्या आईचा हात थांबला. बाबा हळू आवाजात म्हणाले, "शोभा, पायाचं काय करशील?"

"क्लचला डावा पाय आहे. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर हाताला द्या. दोन दांड्यांचं काम आहे."

नानासाहेबांनी घास खाली ठेवला. त्यांना राग आला नव्हता, वाईट वाटलं होतं, आणि ते जास्त कठीण असतं. म्हणाले, "बेटा, या वस्तूंचे आपण मालक नसतो. राखणदार असतो. पुढच्या माणसाला ती जशी होती तशीच मिळायला हवी. तुझ्यासाठी दुसरी एखादी साधी गाडी बघू, तिच्यात हवे ते बदल करू. हिला भोकं नको पाडूस." मुद्दा चांगला होता. आजही कुणी तो मांडला की मी मान डोलावते. पण पुढच्या माणसाची इतकी काळजी करणाऱ्या नानासाहेबांच्या समोर एक आत्ताचा माणूस पाटोडी खात बसला होता, त्याचं काय? मी विचारलं, "दुसरी गाडी कुठे आहे? या गाडीच्या तारा मी घासल्या. मी हिच्यात नुसती बसणार नाही."

"पोरगी कावून नाही चालवणार?" काकाजी भाकर मोडत म्हणाले. "मी करून देतो दांड्या."

बाबा त्यांच्याकडे असे बघत राहिले की दुसरा कुणी असता तर शब्द मागे घेतला असता. काकाजींनी रस्सा मागितला.

आता काकाजींनी दांड्या केल्या कशा, ते ऐका. ब्रेकची दांडी ठीक झाली. स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला लांब लोखंडी दांडी, पुढे ढकलली की खालचं ब्रेकचं पेडल दाबलं जायचं. गावातल्या वेल्डरकडून तिच्या मुठीला गोलाईसुद्धा आणली. चूक झाली ती अ‍ॅक्सिलरेटरच्या लहान दांडीत, आणि ती चूक बागायतदारच करू शकतो. बागेतलं पाण्याचं इंजिन एकदा लावलं की माणूस झाडाखाली जाऊन पडतो. तिथे अ‍ॅक्सिलरेटरची दांडी दाते असलेल्या एका पट्टीवरून सरकते, आणि ज्या खाचेत अडकवाल तिथेच राहते. पाणी चालू, माणूस आडवा. काकाजींच्या लेखी अ‍ॅक्सिलरेटर म्हणजे हेच. त्यांनी जुन्या पंपावरची ती पट्टी दात्यांसकट काढली आणि मोठ्या कौतुकाने स्टिअरिंगखाली बसवली. "हात सोडला तरी गाडी चालतच राहीन. तुले आरामच आराम."

पथ्रोटच्या रस्त्यावर आम्ही गाडी काढली. मी स्टिअरिंगवर, काकाजी शेजारी. डावा पाय क्लचवर, गिअर पडला, बोटाने लहान दांडी ओढली आणि गाडी निघाली. मी निघाले! दोन्ही बाजूंची शेतं मागे पळत होती आणि त्यांना मी पळवत होते. आनंद झाला असं म्हणणं कमी पडेल. मी मोठमोठ्याने हसत होते. मग समोर वळणावर शेळ्या आल्या आणि मी बोट सोडलं. कुणीही सोडेल, वेग कमी व्हावा म्हणून. वेग काही कमी झाला नाही. दांडी खाचेत घट्ट बसली होती, बागेला पाणी देत असल्यासारखी. मी ब्रेकची दांडी ढकलली. ब्रेक धरायला बघतोय, इंजिन ओढतंय आणि काकाजी कानाशी ओरडतायत, "खाच सोड, खाच सोड!" क्लच दाबायचा हे मला सुचलंच नाही. शेळ्या चुकवल्या, रस्ता सुटला, आणि बांधावर रचलेल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या काड्यांच्या, ढिगात गाडी नाकापर्यंत घुसून बंद पडली. वाळक्या काड्या आमच्या अंगावर कोसळल्या. माझं कोपर सोललं, गाडीचा एक दिवा फुटला. काकाजी डोक्यातल्या काटक्या काढत म्हणाले, "इंजन एक नंबर हाय पन."

अकोल्याला बाबांनी आवाज चढवला नाही. कोर्टातही ते चढवत नसत. माझ्या कोपराची पट्टी बघितली आणि म्हणाले, "हे आता बंद." नानासाहेब आले, फुटल्या दिव्याचं दुःख त्यांनी माझ्यासमोर दाखवलं नाही, पण जाताना बाबांना म्हणाले, "ज्यांनी ती बनवली त्यांनी विचार करूनच बनवली होती. म्हणून मी नको म्हणत होतो." दिवा आपण शोधून आणू, दांड्या तेवढ्या उतरवून घ्या, असं ठरलं. माझ्यासमोर ठरलं, मला न विचारता. मला पुन्हा खुर्चीत बसवण्यात आलं होतं.

मी मधल्या खोलीत पडून होते. रागाने जेवले नव्हते. मागच्या दाराने आई आत-बाहेर करत होती आणि जाळीचं दार धाड, धाड लागत होतं. उघडायला कोपर लागत होतं, लागायला काहीच लागत नव्हतं. सोडलं की आपोआप जागेवर. मी उठून बसले. खाचच नको! बोट सोडलं की दांडी आपली आपण मागे गेली पाहिजे. मी पक्कड घेतली, स्वयंपाकघरात गेले आणि दाराची स्प्रिंग आकड्यातून सोडवायला लागले.

"काय करून राहिली व?" आई चुलीपासून म्हणाली.

"स्प्रिंग काढून राहिली."

"अन् डास आले तं?"

"डासांना सांग, वकील पुढच्या खोलीत बसतात."

आईला हसू आलं, पण तिने ते दाबलं. थोडा वेळ माझी खटपट बघत राहिली. मग म्हणाली, "ही सैल झाली आहे. न्हाणीच्या दाराची घे, मागच्याच दिवाळीत टाकली." पुढे कित्येक महिने आमच्या न्हाणीचं दार दोरीने बांधलेलं असायचं आणि बाबांनी त्याबद्दल एकदाही विचारलं नाही. त्यांच्यासारख्या माणसाला दार कशाने बंद आहे हे दिसलं नसेल, यावर माझा विश्वास नाही.

मी लपवाछपवी केली नाही, हे मला इथे नोंदवायचं आहे. बाबांसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "बाबा, मी अंजनगावला जाणार आहे आणि गाडी शिकणार आहे." त्यांनी विचारलं, "मी नाही म्हटलं तर?" मी म्हटलं, "तर तुम्ही नाही म्हटल्यावर जाईन." त्यांनी चष्मा पुसला, परत लावला आणि समोरच्या कागदांत डोकं घातलं. मी गेले. काकाजींनी दात्यांची पट्टी स्वतःच्या हाताने उपटून काढली आणि खिशात टाकली. न्हाणीच्या दाराची स्प्रिंग अर्धी कापून तिथे लागली. बंद जिनिंगच्या मोकळ्या आवारात मी रोज गाडी फिरवली. क्लच कधी सोडायचा, ब्रेक किती ढकलायचा, गिअर बदलताना कोणता हात कुठे, सगळं हातांना पाठ होईपर्यंत. संध्याकाळी काकाजी हुरडा भाजायचे आणि मी तळव्याला आलेल्या फोडांवर फुंकर घालत तो खायचे. लायसन्स कुठे होतं म्हणाल, तर ते पुढे मिळालं, आणि तिथल्या साहेबाशी भांडूनच मिळालं.

मेळाव्याच्या दिवशी आम्ही अंजनगावहून गाडी घेऊन अमरावतीला गेलो. मी चालवत, काकाजी शेजारी धुवट सदऱ्यात. वाटेत सायकलवाले उतरून बघत होते. नानासाहेबांनी आणलेला दिवा लावलेला, हिरवा रंग चकचकीत, आवाज तोच. आईबाबांना नानासाहेबांनी सकाळीच अकोल्याहून गाडी पाठवून आणवलं होतं. मैदानाच्या फाटकाशी ती तिघं उभी होती. गाडी बघून नानासाहेबांचा चेहरा उजळला, आणि दांडी बघून विझला.

ते माझ्या दाराशी आले. हळू आवाजात, खरोखर प्रेमाने म्हणाले, "बेटा, दोन-चार बोल्टचा प्रश्न आहे. माझा माणूस आत्ता उतरवून देईल. तो गाडी आत नेईल, तू शेजारी बस. पहिला मान आपलाच. उद्या पुन्हा लाव हव्या तर. आजच्यापुरतं फक्त."

काकाजींनाही तो मान हवासा वाटत होता, ते मला दिसलं. बाबा पुढे झाले. "शोभा, एका दिवसाचं आहे. नानासाहेब वाईट सांगत नाहीयेत."

मागे दुसऱ्या गाड्या खोळंबल्या होत्या, हॉर्न वाजत होते. मी इंजिन बंद केलं. वाकून क्यालिपरचा मांडीवरचा पट्टा सोडवायला लागले.

"हे काय करतेस?" नानासाहेबांनी विचारलं.

"हाही काढते. हाही जन्मताना नव्हता, नंतर लावलाय. मूळ रूपातच जायचं असेल तर दोघी जाऊ. फक्त मग मला उचलून न्यावं लागेल, आणि ते तुम्ही कराल. तुमच्या माणसाने नाही."

"बेटा, ते वेगळं..."

"कसं वेगळं? सांगा ना. तुम्ही वकील आहात."

नानासाहेब दारापासून एक पाऊल मागे सरले. मी पट्टा पुन्हा आवळला, इंजिन सुरू केलं आणि बोटाने दांडी ओढली. फाटकावरचा माणूस बाजूला झाला. गाडी मी आत नेली, माझ्या हातांनी, त्या सगळ्या पॉलिश केलेल्या गाड्यांमधून, आणि मैदानाला पूर्ण फेरी घातली. टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. परीक्षकांनी दांडी बघितली, आपापसांत बोलले आणि आमची गाडी स्पर्धेबाहेर काढून पार तिकडे, पाण्याच्या टँकरपाशी लावायला सांगितली. तिथेच उभे राहून काकाजींनी आणि मी गिला वडा खाल्ला. चटणी झणझणीत होती आणि मला कडकडून भूक लागली होती. दुपारी नानासाहेब तिथवर चालत आले. म्हणाले, "चालवतेस सुरेख. पण तू चुकलीस." मी म्हटलं, "चूक तर चूक, नानासाहेब. वडा घ्या." त्यांनी घेतला. शेवटपर्यंत त्यांनी आपला नियम सोडला नाही आणि मी माझा सोडला नाही, आणि तरी ते जाईपर्यंत आमचं उत्तम जमलं.

परतायची वेळ झाली. मला गाडी घेऊन अकोल्याला यायचं होतं, जठारपेठेत, आमच्या दारापर्यंत. काकाजी म्हणाले, "मले अंजनगावची एसटी पकडा लागते, बागेत मानूस नाही." नानासाहेबांची मोटार आईबाबांसाठी उभी होती. आई तिच्यात जाऊन बसली, काच खाली केली आणि बाबांना म्हणाली, "तुमी तिच्यासंगं या." बाबा क्षणभर दोन गाड्यांच्या मधे उभे राहिले. मग त्यांनी काळा कोट काढून हातावर घेतला, बुटक्या दरवाज्यातून कसेबसे आत शिरले आणि माझ्या शेजारी बसले. मी इंजिन सुरू केलं. माफी मागायचं माझ्याकडे काही नव्हतं.

बडनेरा मागे पडलं. रस्त्यावर कापसाच्या गाड्या होत्या, मागून ट्रक येत होते. मी सावकाश चालवत होते. समोरची बैलगाडी अचानक मधे आली तेव्हा मी दांडी ढकलली, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून मला दिसलं, बाबांनी त्याच क्षणी उजवा पाय समोरच्या पत्र्यावर कचकन दाबला. मी बैलगाडीला वळसा घातला. थोड्या वेळाने ट्रक अंगावर आल्यासारखा आला आणि बाबांचा पाय पुन्हा दाबला गेला. इतकी वर्षं या माणसाने मला प्रत्येक पायरीपाशी थांबवून बसवलं होतं, आणि अजून तो मला थांबवत होता, जिथे काही नव्हतं तिथे पाय रोवून. मला राग आला आणि भडभडूनही आलं.

"बाबा," मी रस्त्यावरची नजर न काढता म्हटलं, "तिकडे ब्रेक नाही. ब्रेक इकडे आहे."

बाबांनी आपल्या पायाकडे पाहिलं. मग दांडीवरच्या माझ्या हाताकडे पाहिलं, बराच वेळ. मग वाकून त्यांनी बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढून कडेला ठेवले आणि दोन्ही पाय वर घेऊन सीटवर मांडी घातली.